माझ्याखाली माणूस असतो

मित्रांनो, मी एक थकलेला जॅक आहे. जुनाही आहे, पण जुनेपणाचे मला काही वाटत नाही, ते सगळ्यांनाच येते. थकव्याचे मात्र वाटते, कारण तो कुणाला दिसत नाही. अंगावर लाल रंगाचा एक हात मारला की लोक म्हणतात, "अरे, हा तर अजून ठणठणीत आहे!" आणि पुन्हा मला कामाला जुंपतात.

गॅरेजात गाडी उचलायला चार चाकांचा, लांब दांड्याचा हायड्रॉलिक जॅक असतो ना, तो मी. दांडा वर-खाली केला की माझी लोखंडी मान हळूहळू वर येते आणि मानेवरच्या वाटीत गाडीचा भार बसतो. जॅक गाडी उचलतो, असे तुम्ही शाळेच्या वहीत लिहाल. पण उचलण्याचे काम दोन मिनिटांचे. खरे काम नंतर सुरू होते, ते गाडी आहे तिथेच धरून ठेवण्याचे. कारण तोवर एक माणूस पाठीवर सरकत सरकत मी उचललेल्या गाडीखाली, म्हणजे माझ्याखालीच, गेलेला असतो. तिथे तो बोल्ट सोडवतो, गाणे गुणगुणतो, कधी शिंकतो. मी वर धरले आहे एवढ्याच भरवशावर तो तिथे असतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझे अंग ओतले, तासले, घासले. पोटात एक मोठा दट्ट्या आणि एक छोटा दट्ट्या बसवला, रबराची सील घातली आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक पोलादी छर्रा टाकला. या छर्ऱ्याकडे जरा लक्ष द्या. दांडा मारला की तेल त्याच्या वाटेने मोठ्या दट्ट्याखाली जाते, आणि मग तो आपल्या जागेवर असा घट्ट बसतो की तेलाला मागे फिरता येत नाही. एवढी मोठी गाडी, पण शेवटी ती त्या दाण्याच्या जिवावर उभी असते. असा तयार होऊन मी जहाजातून ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या बंदरावर उतरलो आणि गाबेसच्या रस्त्यावर लझहरच्या गॅरेजात आलो.

लझहर गॅरेजचा मालक. मालकाला इथे सगळे 'अर्फी' म्हणतात. अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. त्याच्याबरोबर मोंजी. दोघे तरुणपणी एकाच मिस्त्रीच्या हाताखाली मार खात शिकले आणि एकत्रच बाहेर पडले. गॅरेज लझहरचे, पण मोंजीशिवाय ते एक दिवस चालले नसते. मोंजी अगदी काटकुळा. गाडी कितीही बसकी असो, तो खाली मावायचाच. त्यामुळे कामाची वाटणी कधी कुणी केली नाही, ती आपोआप झाली. लझहर वर उभा राहून दांडा मारायचा आणि मोंजी खाली जायचा. मोंजीचे अर्धे आयुष्य माझ्याखाली गेले. तो गिऱ्हाइकांना तोंडावरून नाही, बुटांवरून ओळखायचा.

आमच्याकडे बहुतेक लुआज यायच्या. तुमच्याकडे वडाप म्हणतात ना, तशी भरली की सुटणारी गाडी. चालकांना नेहमी घाई. पण घाई असो की नसो, आमच्याकडे एक रीत होती. गाडी वर गेली की लझहर पायाने एक जाडजूड ऑलिव्हच्या खोडाचा ओंडका गाडीखाली सारायचा. मोंजी दुसऱ्या बाजूने तो नीट बसवायचा. मग लझहर वरून विचारायचा, "बसला का?" आणि मोंजी खालून म्हणायचा, "बसला." हे उत्तर आल्याशिवाय लझहर माझा दांडा सोडायचा नाही. मी दगा दिलाच तर भार त्या ओंडक्यावर यावा, एवढ्यासाठी ही रीत. त्यात माझा अपमान आहे असे मला कधीच वाटले नाही. उलट पाठीशी कुणीतरी आहे म्हणून मी निश्चिंत असायचो.

त्या दिवसांत माझे कौतुक फार होते. लझहर गिऱ्हाइकांना सांगायचा, "हा माझं बायकोपेक्षा जास्त ऐकतो." एकदा त्याची बायको मब्रूका जेवण घेऊन दारात आली होती, तिने ते ऐकले. ती म्हणाली, "त्याला तू तेल पाजतोस. मला काय पाजतोस?" मोंजी गाडीखाली हसून हसून पान्यावरची पकड सोडून बसला. असे ते दिवस होते. मी थकायचो, पण ते थकणे गोड होते.

आता ऑलिव्हच्या तेलाबद्दल सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे तिथून सुरू झाले. शहराबाहेर लझहरच्या आईची थोडी झाडे होती, तिच्या वडिलांनी लावलेली. दर वर्षी थंडीच्या तोंडाला फळे उतरवायची, तेलाच्या घाण्यावर न्यायची आणि पहिल्या धारेचे ताजे तेल घरी आणायचे. ते हिरवट, गढूळ आणि घशाला झोंबणारे असायचे. त्याचा पहिला डबा लझहर थेट गॅरेजात आणायचा. मग काम बंद, आणि सगळ्यांनी ताज्या पावाचे तुकडे तेलात बुडवून खायचे. लझहरचा या तेलावर विश्वास असा की बोलायची सोय नाही. कान दुखला, तेल. छाती भरली, तेल. दाराची बिजागरी कुरकुरली, तरी तेलच. "या तेलाने कुणाचं वाईट झालेलं नाही," असे तो म्हणायचा. ते खरेही होते, पण माणसांच्या बाबतीत.

वय झाले तशी माझी सील झिजली. माझ्या अंगावर तेलाचा घाम येऊ लागला. मोंजीला ते पहिल्यांदा कळले, कारण एक थेंब त्याच्या कपाळावर पडला. तो सरकत बाहेर आला आणि कपाळ पुसत म्हणाला, "अर्फी, हा गळायला लागलाय. सीलचं किट आण, बदलून टाकू. नाहीतर नवाच आण."

"नवा कशाला? माणूस म्हातारा झाला की तू नवा आणतोस का?"

"माणसाच्या डोक्यावर मी गाडी ठेवत नाही."

"तुझ्या डोक्यावर ठेवली असती तर बरं झालं असतं. काहीतरी वजन आलं असतं त्याला."

दोघे हसले आणि गोष्ट तिथेच राहिली. आज आणू, उद्या आणू, करत करत ते किट काही आले नाही. तेल गळतच होते, आणि ते कमी पडले की माझी मान अर्ध्यावर अडायची. त्याच वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला लझहरची आई गेली. झाडे तशीच उभी होती, फळे लगडलेली. लझहरने एकट्याने ती उतरवली, घाण्यावर नेली, आणि त्या वर्षीचा पहिला डबा गॅरेजात आणला. या वेळी पाव खाऊन सगळे लगेच कामाला लागले.

त्याच दिवशी माझी मान अडली. मोंजी नमाजाला गेला होता. लझहरने माझे बूच काढले, आत डोकावून पाहिले, आणि समोरचा तोच डबा उचलून माझ्या पोटात ओतला. मित्रांनो, मला हायड्रॉलिक ऑइल लागते. ते गाळलेले असते, स्वच्छ असते, त्यात पाण्याचा थेंब चालत नाही. आणि हे तर घाण्यावरून आलेले ताजे तेल, त्यात फळाच्या सालींचा गाळ, बियांचा चुरा, पाण्याचा अंश. पावाला ते अमृत असेल. माझ्या छर्ऱ्याला नव्हते.

मोंजी परत आला, माझ्याजवळ वाकला आणि त्याने नाक वर करून वास घेतला. "अर्फी, जॅकला कोशिंबिरीचा वास येतोय. काकडी-टोमॅटो कापून आणू का?"

"हसू नकोस. माझ्या आईच्या झाडांचं तेल आहे ते. बाजारातल्या त्या लाल पाण्यापेक्षा शंभर पट चांगलं."

"अरे, तुझ्या आईने ते ताटात वाढायला सांभाळलं, जॅकमध्ये ओतायला नाही. गाळ आहे त्यात. उपस ते."

"माझ्या आईच्या तेलाला गाळ म्हणतोस?"

"तेलाला नाही, तेलातल्या गाळाला म्हणतोय."

"पुरे! तिचं नाव तुझ्या तोंडात नको. ती गेली तेव्हा खांदा द्यायला आलास, आणि आता तिच्या तेलाला नावं ठेवतोस?"

मोंजीचा चेहरा उतरला. आई ती लझहरची, पण मोंजीनेही तिच्या हातचे खूप खाल्ले होते. तो म्हणाला, "बरं. आजपासून मी काही बोलतच नाही." आणि खरोखरच तो बोलला नाही. लझहरही बोलला नाही. दोन मोठी माणसे शाळकरी पोरांसारखी कट्टी घेऊन बसली.

काम मात्र चालूच होते, आणि बोलल्याशिवाय गॅरेजचे काम होत नाही. मग त्यांनी एक तोड काढली. ते माझ्याशी बोलू लागले. लझहर माझ्याकडे बघून म्हणायचा, "जॅका, त्याला सांग, बारा नंबरचा पाना दे म्हणावं." मोंजी खालून म्हणायचा, "जॅका, त्याला सांग, पाना त्याच्या खिशात आहे." मी निरोप्या झालो. मब्रूकाला हे कळले तेव्हा तिने दोघांचे जेवण एकाच ताटात पाठवायला सुरुवात केली. माशाचा कुस्कुस, म्हणजे वाफवलेला जाड रवा आणि मासा, वर हरिसाची लाल चटणी, आणि दोन चमचे. दोघे एकाच ताटावर समोरासमोर बसायचे आणि आपापल्या बाजूने खात मध्यापर्यंत यायचे. मध्ये माशाचा मोठा तुकडा उरायचा. तो कुणीच उचलायचे नाही. शेवटी मांजर न्यायचे.

गंमत म्हणजे त्या तेलाने मी सुरुवातीला चांगला चाललो. मान सरसर वर जायची. लझहर मला थोपटून म्हणायचा, "जॅका, सांग त्याला. बघ म्हणावं, आईच्या तेलावर कसा चढतोय!" मोंजी ऐकायचा आणि पाना फिरवत राहायचा. मला फार अवघडल्यासारखे व्हायचे. आत काय चालले आहे ते मला कळत होते. गाळ तळाशी बसत होता, पाण्याने छर्ऱ्याच्या जागेला गंज धरत होता. पण मला निरोप फक्त नेता येत होते, स्वतःचा एकही निरोप देता येत नव्हता.

या कट्टीत एक गोष्ट हरवली, आणि ती कुणाच्याच लक्षात आली नाही. "बसला का?" आणि "बसला." तेवढे दोन शब्द माझ्यामार्फत बोलणे दोघांनाही लाजिरवाणे वाटत असावे. पाना मागणे वेगळे. हे विचारणे म्हणजे काळजी दाखवणे, आणि रुसलेल्या माणसाला तेच जड जाते. लझहर मुकाट्याने ओंडका सारायचा, मोंजी मुकाट्याने बसवायचा. बरेच दिवस तसे निभावले.

मग ती सकाळ आली. कडाक्याची थंडी पडली होती. माझ्या पोटातले तेल तुपासारखे गोठू लागले होते. नौफल नावाच्या चालकाची लुआज आली, गिअरबॉक्स खाली उतरवायचा होता. हा नौफल भला माणूस, पण तोंडाचा पट्टा सतत चालू. "अर्फी, दुपारच्या आत सोड. माणसं स्टँडवर उभी आहेत. तुझ्या कृपेने माझी पोरं उपाशी मरतील."

"तुझ्या पोरांना काय झालंय? परवा पाहिलं, तुझ्यासारखीच गुबगुबीत आहेत," लझहर दांडा मारता मारता म्हणाला.

गाडी वर आली. लझहरने ओंडक्याला पाय लावला, तेवढ्यात नौफलने त्याला गाडीच्या मागच्या चाकापाशी ओढून नेले, "आणि हा आवाज कसला येतो तेवढा ऐक." लझहर गेला. जाताना त्याला वाटले, मोंजी ओंडका ओढून घेईलच, हात लांब केला की पुरे. मोंजी पाठीवर सरकत आत गेला. त्याला वाटले, लझहरने ओंडका सारला आहे. विचारले असते तर कळले असते. पण विचारणार कोण?

थोडा वेळ मी धरले. खरेच सांगतो, जीव तोडून धरले. मग ऊन वर आले, तेल सैल झाले, आणि तळाचा गाळ हलला. सालीचा एक बारीक तुकडा वाहत आला आणि छर्ऱ्याखाली अडकला. आपल्या जागेवर घट्ट बसलेला छर्रा केसभर उचलला गेला. तेलाला मागे वाट मिळाली, आणि मी खाली यायला लागलो.

वरून पाहणाऱ्याला ते दिसतही नाही. मी धाडकन पडलो नाही, बसत गेलो. मोंजी खाली गुणगुणत होता. गाडी त्याच्या छातीजवळ येत होती, आणि तो बोल्ट सोडवत होता. मला ओरडता येत नाही. मला फक्त धरता येते, आणि आता तेही येत नव्हते. माझ्या आयुष्यात त्याइतका असहाय क्षण दुसरा आला नाही.

गुणगुणणे थांबले. "अरे..." एवढाच शब्द आला, आणि पुढे श्वास.

लझहरने तो ऐकला. मागच्या चाकापाशी वाकलेला तो आडवा माणूस ज्या चपळाईने धावला, ती मी त्याच्यात कधी पाहिली नव्हती. "मोंजी!" तो ओरडला. किती दिवसांनी त्याने ते नाव घेतले! "मोंजी! मोंजी, हलू नकोस!" त्याने माझा दांडा धरला आणि मारायला सुरुवात केली. तो वर ढकलायचा, मी खाली यायचो. तो जेवढे तेल आत घालायचा, त्यातले अर्धे मागच्या वाटेने निसटायचे. थांबला की गाडी बसणार, म्हणून त्याला थांबता येईना, आणि थांबल्याशिवाय मोंजीला ओढता येईना.

"नौफल! पाय धर त्याचे! ओढ!"

"अर्फी, त्याची छाती अडकलीय..."

"मी उचलतोय! मी उचलतो, तू ओढ! या रब, या रब... ओढ रे!"

त्याच्या हातांत त्या वेळी एवढे बळ कुठून आले, देव जाणे. माझा दांडा वाकला. गाडी बोटभर वर आली, आणि नौफलने मोंजीला पायांनी धरून बाहेर खेचले. लझहरचे हात सुटले. मी गाडीसकट खाली बसलो, आणि गिअरबॉक्स जमिनीवर आदळला. तिथे, थोड्या वेळापूर्वी, मोंजी होता.

मोंजी वाचला. बरगड्या मोडल्या, खांद्याचे हाड मोडले, पण वाचला. त्याला दवाखान्यात नेताना लझहर रस्त्यावर एका पायाने अनवाणी धावत होता. एक चप्पल माझ्याजवळच राहिली होती.

लझहर परत आला तेव्हा गॅरेजात कुणी नव्हते. त्याने मला बाकावर उचलून ठेवले आणि खोलले. पांढऱ्या फडक्यावर एकेक भाग मांडला. पोटातले तेल थाळीत ओतले. वर हिरवे, खाली काळा गाळ. मग छर्रा काढला. त्याच्या बुडाशी अजून तो तुकडा चिकटलेला होता. लझहरने तो नखाने काढला, बोटावर घेतला, हुंगला. वास ओळखायला त्याला वेळ लागला नाही. लहानपणापासून तो वास त्याच्या अंगाला होता. तो खाली जमिनीवर बसला आणि रडला. एवढा आडवा माणूस, आणि असा रडला की मला बघवेना.

मग त्याने मला दुरुस्त करायचे मनावर घेतले. जे किट इतके दिवस येत नव्हते ते दुसऱ्याच दिवशी आले. नवी सील, नवा छर्रा, नवा दांडा, योग्य ते तेल. पोट घासून पुसून लख्ख केले. गंजलेली जागा त्याने बारीक पॉलिशने घासली, पुन्हा घासली. मग माझ्यावर गाडी चढवली, खाली ओंडके ठेवले, आणि स्टूल घेऊन समोर बसून राहिला. जेवणाच्या वेळेपर्यंत मी बोटभर खाली आलो होतो. त्याने पुन्हा खोलले, पुन्हा घासले, पुन्हा चढवले. मी पुन्हा खाली आलो. सील बदलता येते, छर्रा बदलता येतो. पण छर्रा ज्या जागेवर बसतो ती माझ्या अंगातच कोरलेली आहे, आणि तिला खड्डे पडले होते. लझहरला ते पहिल्याच वेळी कळले होते. तरी तो प्रयत्न करत राहिला, कारण थांबला असता तर आपण काय करून बसलो याचा विचार करावा लागला असता. मला मात्र वाटत होते, आता पुरे. आता मला सोडा.

शेवटी नवा जॅक आला. त्याच्याबरोबर गाडीला खालून टेकू द्यायच्या लोखंडाच्या दोन भक्कम घोड्याही आल्या. मोंजी खांद्याला पट्टा बांधून गॅरेजात आला तेव्हा लझहर उठून उभा राहिला. मोंजी माझ्याकडे बघून म्हणाला, "जॅका, त्याला सांग, दारात आलेल्या माणसाला चहा तरी विचारावा."

"जॅकला कशाला सांगतोस?" लझहर पुढे आला. "मला सांग. मला शिव्या दे. काही तरी बोल, लेका."

"शिव्या द्यायला बरगड्या दुखतात. बऱ्या झाल्या की देतो, एकगठ्ठा."

लझहर हसायला गेला, पण त्याचे हसू रडण्यातच संपले. मला वाटले, आता आपली गोष्ट संपली. पण नाही. सलामा आला.

सलामा मब्रूकाचा धाकटा भाऊ. खेड्यात तो लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. मला कोपऱ्यात पडलेला पाहिले आणि त्याचे डोळे चमकले. "भावजी, हा नको आहे ना तुम्हाला? मग मला द्या."

"तो खराब आहे, सलामा."

"खराब कसला? चढतो तर खरा. रंग मारला की झाला नवा. माझ्याकडे आहेच काय? विटा रचून ट्रॅक्टर उचलतो मी."

"धरत नाही तो. खाली येतो."

"येऊ दे. मी फक्त चाक बदलायला वापरीन. खाली जाणारच नाही, आईची शपथ."

मोंजी दाराशी बसला होता. तो हळूच म्हणाला, "असं आम्ही सगळेच म्हणतो. मग एक बोल्ट खाली पडतो, आणि आपण म्हणतो, एवढाच उचलतो."

सलामाला राग आला. "तुमच्याकडे मोठं गॅरेज आहे, नवा जॅक आहे. मी गरीब, म्हणून मला शहाणपण शिकवता? ताई, बघ गं तुझा नवरा. भंगारात टाकेल, पण मला देणार नाही."

मब्रूका चहाचे पेले घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिले. तिला भावाचा चेहरा बघवत नव्हता. "दे ना त्याला," ती म्हणाली. "शपथ घेतोय ना तो. नात्यातला माणूस तोंड उघडून मागतोय, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?"

इथल्या लोकांत मागणाऱ्याला नाही म्हणणे फार अवघड, आणि मेहुण्याला तर त्याहून. लझहर माझ्याजवळ आला. त्याचा हात माझ्यावर होता. मला वाटले, तो देणार. मी आता ट्रॅक्टरखाली जुंपला जाणार, पुन्हा लाल रंग, पुन्हा कुणीतरी म्हणणार ठणठणीत आहे. आणि एके दिवशी सलामाचा बोल्ट खाली पडणार. त्या अंगणात ओंडका सारणारा दुसरा माणूसही असणार नाही.

लझहरने ग्राइंडर उचलला.

"भावजी, काय करताय?"

लझहरने बटण दाबले. पात्याचा कर्कश आवाज झाला, ठिणग्या उडाल्या. त्याने माझी मान मुळापासून कापली. मग पोटाच्या नळकांड्यात एक मोठी खाच पाडली, म्हणजे कुणाला जोडूनही काही करता येऊ नये. तेल फरशीवर पसरले. "आता हवा असेल तर ने," तो सलामाला म्हणाला. "दुकानात अडकवायला ने, दाराला टेकू म्हणून ने. नवा जॅक तुला मी घेऊन देईन, जमेल तेव्हा. पण हा तुला देणार नाही. तू माझ्यावर आयुष्यभर रागावलास तरी चालेल. रागवायला तू असलास म्हणजे झालं."

सलामा चहा न घेताच गेला. मब्रूका शेजारच्या घरात गेली आणि ते दार बराच वेळ बंद राहिले. मोंजीने आपला पेला उचलला, लझहरचा त्याच्या हातात दिला, आणि दोघे थंड झालेला चहा प्यायले.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, कापताना दुखले का? दुखले. इतकी वर्षे जी मान कुणापुढे झुकली नाही ती तुटताना कुणाला दुखणार नाही? पण त्या दुखण्याखाली एक मोठा सुस्कारा होता. आता मला काही धरायचे नव्हते.

जाता जाता एकच मागणे आहे. माझ्यासारख्या वस्तू तुमच्याही घरी आहेत. शिडी आहे, सायकलचा ब्रेक आहे, झोपाळ्याची साखळी आहे, विहिरीचा दोर आहे. त्यांना वेळेवर बघा, त्यांना जे लागते तेच द्या. तुम्हाला जे आवडते ते त्यांना चालतेच असे नाही. आणि त्यांचे संपले की त्यांना जाऊ द्या. जुने ते सोने म्हणून रंग मारू नका, आणि मोठ्या मनाने दुसऱ्याला तर मुळीच देऊ नका. तुमच्या कामाची न राहिलेली साखळी दुसऱ्याच्या मुलालाही धरणार नाही.

मी आता गॅरेजामागे भिंतीशी पडलो आहे. भंगाराची गाडी येईल तेव्हा नेईल. सलामा अजून रागावलेला आहे, सणालाही आला नाही, असे मब्रूका म्हणत होती. तो खेड्यात असेल, आणि चाक बदलता बदलता त्याचा एखादा बोल्ट ट्रॅक्टरखाली घरंगळला असेल. तो आत हात घालताना कशाच्या भरवशावर घालतो, मला माहीत नाही. माझ्या भरवशावर घालत नाही, एवढे मला पुरे आहे.